आधी दावं सोडा



दुभती गाय गोठ्यात बांधून पोसावी की रानात चरायला सोडावी, या प्रश्नावर युरोपातल्या अनेक देशांत गेली चाळीस वर्षं वाद चालू आहे. त्यातून कायदे झाले, दुधाचे वेगळे दर ठरले, काही प्रकल्प गुंडाळावे लागले. आपल्याकडे गाईवरून वाद कमी होत नाहीत, पण ते कत्तलीच्या कायद्यावरून होतात, नाही तर दूधदरावरून. गाईचा शेवट आणि गाईचं दूध या दोन्हींबद्दल आपण हिरिरीनं बोलतो. या दोहोंच्या मधली वर्षं ती रोजचे चोवीस तास कशी काढते, हे सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतं. आज मला त्या चोवीस तासांबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे पुढचे पुरावे कशासाठी दिले ते ध्यानात येईल. महाराष्ट्रातल्या बहुतेक दूध उत्पादकांना आज गाईसाठी कुरण राखता येणार नाही, आणि ते राखा असं त्यांना बजावणं अन्यायाचं आहे. गाईच्या गळ्यातलं दावं मात्र दिवसातले बरेच तास सोडता येतं. ते जवळजवळ सगळीकडे शक्य आहे, त्याला जागा थोडी लागते, खर्च थोडा लागतो. तरीही गोठ्यासाठीचा सरकारी पैसा दावणीला बांधायच्याच गोठ्यांवर खर्च होतो आहे. हे बदललं पाहिजे.

बाहेर हा वाद कसा झाला ते आधी थोडक्यात पाहू. स्वीडनमध्ये १९८५च्या सुमारास बालसाहित्यिक आस्ट्रिड लिंडग्रेन यांनी क्रिस्टिना फोर्सलुंड या पशुवैद्य महिलेच्या साथीनं वृत्तपत्रांतून गोठ्यांतल्या जनावरांची बाजू लावून धरली. १९८८ साली तिथे नवा प्राणिकल्याण कायदा आला आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दुभत्या गाईंना बाहेर चरायला सोडणं बंधनकारक झालं. स्वित्झर्लंडमध्ये बांधून ठेवलेल्या गाईलाही वर्षातले किमान ९० दिवस बाहेर मोकळं सोडावं लागतं. नेदरलँड्समध्ये २०१२ साली दूध व्यवसायातल्या संस्थांनी आपसात करार केला. वर्षाला किमान १२० दिवस आणि रोज किमान ६ तास गाई कुरणावर असतील, तर ते दूध वेगळ्या नावानं विकलं जातं आणि शेतकऱ्याला थोडा जास्त दर मिळतो. इंग्लंडमध्ये लिंकनशायर परगण्यातल्या नॉक्टन इथे २०१० साली ८,१०० गाई छपराखाली ठेवण्याचा प्रस्ताव आला. देशभर विरोध झाल्यावर गाईंची संख्या ३,७७० वर आणली गेली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये प्रस्तावच मागे घेण्यात आला. तो अडला भूजल दूषित होण्याच्या धोक्यावर. लोक रस्त्यावर उतरले होते गाईंसाठी, पण कायद्यानं धरून ठेवता आला तो मुद्दा पाण्याचा. गाईच्या रोजच्या जगण्याची बाजू लोकांच्या मनात कितीही ठाम असली, तरी ती नियमात उतरलेली नसेल तर निर्णयाच्या टेबलावर तिला वजन येत नाही. आपल्याकडच्या परिस्थितीला हे तंतोतंत लागू पडतं, हे पुढे दिसेल.

आता गाईला स्वतःला काय हवं असतं, याचा पुरावा. माणसानं आपल्या भावना जनावरावर लादू नयेत हा आक्षेप रास्त आहे, म्हणून संशोधकांनी गाईलाच निवड करू दिली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाईंना गोठा आणि कुरण दोन्ही उघडं ठेवलं होतं. रात्रीचा बहुतेक वेळ गाईंनी कुरणावर काढला. दिवसा, आणि विशेषतः उष्मा व दमटपणा वाढला की, त्या आपणहून छपराखाली आल्या. त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाईला ढकलून उघडावा लागेल असा दरवाजा केला आणि त्यावरचं वजन टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं. दरवाज्यापलीकडे एकदा ताजी वैरण होती, एकदा कुरण. धार काढून झाल्यावर ताज्या वैरणीसाठी गाय जेवढं वजन ढकलायला तयार होती, तेवढंच ती कुरणावर जाण्यासाठीही ढकलत होती. धारेनंतर वैरणीकडे धाव घेणारी गाय ज्यानं पाहिली आहे, त्याला या निष्कर्षाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आरोग्याच्या बाजूनंही चित्र बरंचसं स्पष्ट आहे. २०१७ सालीच बेलफास्टच्या संशोधकांनी कायम गोठ्यातल्या आणि चरणाऱ्या गाईंवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. चरणाऱ्या गाईंमध्ये लंगडणं, खुरांचे विकार, ढोपरावरच्या जखमा, स्तनदाह आणि गर्भाशयाचे आजार कमी आढळले, मृत्यूचं प्रमाणही कमी. पण त्याच आढाव्यानं दुसरी बाजूही नोंदवली आहे. भरपूर दूध देणारी गाय नुसत्या चरण्यावर राहिली तर तिला पुरेसं पोषण मिळणं कठीण जातं, ऊनपावसाचा मारा बसतो, जंत आणि परजीवींचा त्रास वाढू शकतो. २०२३ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हे सगळं लक्षात घेऊन शिफारस केली: गाय कायमची बांधून ठेवू नये, गोठ्यात दर गाईमागे किमान ९ चौरस मीटर जागा असावी आणि नीट राखलेलं कुरण तिला उपलब्ध असावं.

या पुराव्यातली एक गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत निसटते. गाय दिवसा उन्हात आपणहून छपराखाली आली. कॅनडातली गाय सावली शोधत असेल, तर मे महिन्यातल्या माणदेशात किंवा मराठवाड्यात संकरित गाईला दुपारभर माळावर हिंडवणं हे तिचं कल्याण नव्हे. तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणारा निर्देशांक ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईवर ताण येऊ लागतो असं पशुविज्ञान मानतं, आणि आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने तो त्याहून बराच वर असतो. तेव्हा 'बाहेर म्हणजे चांगलं, आत म्हणजे वाईट' हे सूत्र इथे चालणार नाही. वरच्या दोन्ही प्रयोगांत गाईला मिळालेली मोलाची गोष्ट होती स्वतः उठून हव्या त्या जागी जाता येणं: उन्हात सावलीला, रात्री मोकळ्यावर, तहान लागली की पाण्याकडे, दुसरीनं शिंग उगारलं की लांब. दावणीला बांधलेल्या गाईला यातलं काहीच करता येत नाही, मग तो गोठा कितीही स्वच्छ आणि फरशीचा असो.

गाय आपल्याकडे दावणीला आली कशी, हेही पाहायला हवं, कारण ती दुष्टपणानं बांधली गेली नाही. देवणी, लाल कंधारी, खिलार, डांगी, गवळाऊ या आपल्या जाती गावच्या कळपात गुराख्याबरोबर गायरानावर जात आणि संध्याकाळी परतत. दूध थोडं असे, बैल महत्त्वाचा. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली, १९७० मध्ये देशात दूध महापूर योजना सुरू झाली, कृत्रिम रेतन गावोगाव पोचलं आणि होल्स्टीन व जर्सीच्या रक्ताची संकरित गाय घराघरात आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले त्रिवेणी' ही तिहेरी संकराची गाय घडवली. पाच-सात एकरांच्या शेतकऱ्याच्या घरात दर दहा दिवसांनी रोख पैसा येऊ लागला तो या गाईमुळे. ही गाय महागाची, उन्हाला नाजूक, गोचिडांमुळे येणाऱ्या तापाला लवकर बळी पडणारी. तिला घराजवळ, नजरेसमोर, बांधून ठेवणं त्या वेळी शहाणपणाचंच होतं. शिवाय ओलिताखाली शेतं आली, बांध नांगरले गेले, गायरानं आटली, आणि वैरण म्हणजे कापून आणलेलं हत्तीगवत, उसाचं वाढं, कडबा, अलीकडे मुरघास, असं ठरून गेलं. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या १९.३५ कोटी गोवंशापैकी ५.१४ कोटी संकरित किंवा विदेशी होता. दुधाचा भार या गाईंवर मोठा आहे, आणि दावणीला सर्वांत जास्त तास उभी राहणारीही हीच गाय आहे.

दावणीचा त्रास नेमका कुठे होतो, हे जवळून पाहायचं असेल तर गाय उठते कशी ते पाहावं. बसलेली गाय आधी पुढच्या गुडघ्यांवर भार घेते, मग मान आणि डोकं जोरानं पुढे झोकते. त्या झोक्यावर तिचं मागचं अंग वर उचललं जातं, आणि सगळ्यांत शेवटी ती एकेक पुढचा पाय सरळ करून उभी राहते. या झोक्यासाठी तिला तोंडासमोर चांगली दोन-तीन हात मोकळी जागा लागते. आपल्या गोठ्यात तिच्या तोंडासमोर गव्हाणीची भिंत असते आणि मान आखूड दाव्यानं त्या भिंतीला बांधलेली. झोका अर्ध्यावर अडतो. ओल्या कोब्यावर मागचा पाय सरकतो, गाय पुन्हा खाली बसते, पुन्हा प्रयत्न करते. कधी मागचा पाय स्वतःच्याच सडावर पडतो आणि सड चेंगरतो. काही गाई वैतागून घोड्यासारखं पुढचे पाय आधी टाकून उठायला शिकतात, जे गाईच्या जातीला सोसणारं नाही. गुडघे सुजलेले, ढोपरावरचे केस गेलेले, खुरं झिजायला वाव नसल्यामुळे वाकडी वाढलेली, अशी गाय कोणत्याही तालुक्याच्या गावी शोधायला लागत नाही. उठणं इतकं त्रासाचं झालं की ती बसायचंही टाळते. दुभत्या गाईला रोज दहा-बारा तास बसायला मिळालं पाहिजे. बसून रवंथ करताना तिच्या कासेकडचा रक्तपुरवठा वाढतो. म्हणजे ज्या दुधासाठी तिला बांधलं, त्याच दुधाच्या आड ते बांधणं येतं.

पाण्याचंही तसंच. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. वीस लिटर दूध देणाऱ्या गाईला उन्हाळ्यात ऐंशी-शंभर लिटर पाणी लागतं, आणि ती ते एका वेळी पीत नाही, दिवसभर थोडं थोडं पिते. दावणीच्या गाईला मात्र आपल्या सवडीनं, दोनदा किंवा तीनदा पाणी दाखवलं जातं. माजाचा मुद्दा तर थेट पैशाचा आहे. मोकळ्या गाईंमध्ये माजावर आलेली गाय लगेच ओळखू येते. ती दुसरीला अंगावर घेते, स्वतः स्थिर उभी राहते. बांधलेल्या गाईत ही खूण दिसायला जागाच नाही, आणि मुका माज असेल तर तो हमखास हुकतो. एक माज हुकला की पुढच्या २१ दिवसांचा खुराक फुकट जातो, आणि असे दोन-तीन हुकले की गाईला भाकड म्हणून बाजार दाखवला जातो. गाय गाभण राहत नाही अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी गोठ्यांत दोष गाईत नसून दाव्यात असतो.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच सापडलेला आहे. गेल्या दशक-दीड दशकात नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात मुक्त संचार गोठे उभे राहिले. छपराखाली गव्हाण, तिला लागून मोकळं अंगण, भोवती जाळीचं किंवा बांबूचं कुंपण, एका कोपऱ्यात कायम भरलेला पाण्याचा हौद, जमल्यास एखादं झाड आणि अंग घासायला खांबाला बांधलेला ब्रश. गाई धारेच्या वेळी आत येतात, एरवी मोकळ्या. या पद्धतीची शिफारस भारतातल्या बहुतेक भागांसाठी पशुसंवर्धनाची पाठ्यपुस्तकं कितीतरी आधीपासून करत आली आहेत. भारतीय मानक ब्युरोनं तिचं मापही ठरवून दिलं आहे: दर गाईमागे छपराखाली ३.५ चौरस मीटर आणि मोकळ्यावर ७ चौरस मीटर.

आता या मापाशेजारी सरकारी योजना ठेवून पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यानं शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली. रोजगार हमीच्या निधीतून गाई-म्हशींसाठी पक्का गोठा बांधायला दोन ते सहा जनावरांमागे ७७,१८८ रुपये दिले जातात. योजनेचा हेतू चांगला होता. खाचखळग्यांच्या गोठ्यात पावसाळ्यात जनावरं चिखलात बसतात, कासेचे आजार होतात, शेण आणि मूत्र वाया जातं, ते थांबावं म्हणून ती आली, आणि ज्या घरांत ती पोचली तिथे ओल्या जमिनीचा त्रास कमी झाला. पण तिचा आराखडा वाचा. सहा गुरांसाठी २६.९५ चौरस मीटर जागा पुरेशी मानली आहे, लांबी ७.७ मीटर आणि रुंदी ३.५ मीटर. गव्हाण आहे, २५० लिटरचं मूत्रसंचयाचं टाकं आहे, २०० लिटरची पाण्याची टाकी आहे. मोकळं अंगण नाही. म्हणजे दर गुरामागे साधारण साडेचार चौरस मीटर, त्यात गाय बांधून उभी करता येईल, सोडता येणार नाही. मानक ब्युरोच्या मापानं सहा गाईंना छपराखाली २१ चौरस मीटर लागतात; म्हणजे सरकारचं छप्पर पुरेसं, किंबहुना जास्तच आहे. उणीव आहे ती फक्त ४२ चौरस मीटर अंगणाची. हे अंगण अर्ध्या गुंठ्याहून कमी भरतं, आणि त्याला ना कोबा लागतो, ना पत्रा. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या गोठ्यांत अर्धा गुंठा अंगण आणि कुंपणाचे चार खांब एवढंच राहून गेलं, आणि तेवढ्यानं गाय आयुष्यभर दावणीला राहिली.

यावर पहिला आक्षेप दुधाचा. गाय हिंडली की शक्ती खर्च होते आणि दूध कमी होतं, असं सांगितलं जातं. कोरड्या माळावर मैलोन् मैल चालणाऱ्या गाईबाबत हे खरं आहे. दिवाळीनंतर आपल्या माळावर दुभत्या संकरित गाईचं पोट भरेल असं गवत उरत नाही, आणि ज्या देशांत गाई मुख्यतः कुरणावर पोसल्या जातात तिथेही दर गाईमागचं दूध गोठ्यात भरपूर खुराक खाणाऱ्या गाईपेक्षा कमीच असतं. म्हणून मी चराईला पोषणाचा पर्याय म्हणून पुढे करत नाही. मुक्त गोठ्यात वैरण तीच, पेंड तीच, मुरघास तोच. अंगणातल्या दहा-वीस पावलांनी दूध घटत नाही. हवं तेव्हा पाणी, हवं तेवढं बसणं आणि वेळेवर ओळखलेला माज यातून होणारा फायदा या थोड्या हालचालीच्या खर्चापेक्षा मोठा आहे.

दुसरा आक्षेप चराईबंदीचा, आणि तो वजनदार आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारनं पाणलोटाचं काम टिकवलं ते कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून. १९९२ पासूनच्या आदर्श गाव योजनेत चराईबंदी ही अट म्हणून आली. डोंगरावर मोकाट गुरं सोडली की रोपं टिकत नाहीत, माती धरत नाही, आणि शेवटी गवतही उरत नाही. हिवरेबाजारात चराई थांबल्यावर कापून आणायचं गवत वाढलं आणि दूधही वाढलं. मग गाईला मोकळं सोडा म्हणणं या कष्टांवर पाणी ओतणं होणार नाही का? चराईबंदीनं डोंगर राखला. गाय गव्हाणीला आखूड दाव्यानं बांधा, असं त्या नियमात कुठेच म्हटलेलं नाही. गवत कापून आणायचं आणि गाय अंगणात मोकळी ठेवायची, हे चराईबंदीच्या गावातच सर्वांत सोपं आहे, कारण तिथे कापून आणायला गवत आहे.

काही जण याहून पुढे जाऊन म्हणतात की गायरानं मोकळी करा, पुन्हा कळप सोडा. इथे मी थांबतो, आणि का थांबतो ते स्पष्ट सांगतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, आणि त्यानंतर आपल्याकडेही गायरानांचा प्रश्न न्यायालयात वारंवार आला. पण मराठवाड्यात आणि इतरत्र गायरान कसणाऱ्यांत भूमिहीन दलित, पारधी, भटके यांचा वाटा मोठा आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह कसायला जमीन मिळावी याच मागणीसाठी होता, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी शेतीची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय शासनानंच १९९१ मध्ये घेतला. गाईच्या नावानं या माणसांच्या पोटाखालची जमीन काढून घ्यायला माझा ठाम विरोध आहे. जिथे गायरान धनदांडग्यांनी, कारखानदारीनं किंवा सरकारी प्रकल्पांनी खाल्लं आहे तिथे ते परत घ्यावं, राखावं, आळीपाळीनं चारावं. आणि गुराखीही आठवावा. पूर्वीच्या कळपामागे बहुधा शाळेबाहेर राहिलेला एक मुलगा असे. तो मुलगा आज शाळेत आहे हे चांगलंच आहे, आणि गाईच्या चराईसाठी त्याला परत माळावर पाठवण्याची कल्पना कोणी मनातही आणू नये.

गोठ्यातल्या अडचणी राहतात. मोकळ्या गाई मारामारी करतात, दांडगी गाय गरीब गाईला गव्हाणीवर येऊ देत नाही. हे पहिल्या काही दिवसांत जास्त होतं. जागा पुरेशी असेल, गव्हाण लांब असेल आणि नवी गाय हळूहळू मिसळली तर कळपाची उतरंड ठरते आणि शांतता येते. व्यायला आलेल्या गाईला वेगळं ठेवायचंच असतं. गोचिडांसाठी अनेक जण अंगणात देशी कोंबड्या सोडतात, आणि औषधाची फवारणी दोन्ही पद्धतींत करावीच लागते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा ती चावणाऱ्या माश्या-डासांतून पसरली. दावणीला बांधलेल्या गाई त्यातून सुटल्या नाहीत. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले तालुक्यांत बिबट्याचं भय खरं आहे, तिथे रात्री जाळी लावलेल्या बंद छपराखालीच गाई हव्यात, पण त्याही आत मोकळ्या राहू शकतात. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसात मोकळं अंगण चार महिने चिखल होतं, तिथे छप्पर मोठं करावं लागेल आणि खर्च वाढेल. हे मान्य करूनच योजना आखायला हवी.

खर्चावर थोडं थांबतो, कारण शेतकऱ्याचा खरा राग तिथे आहे. दूधदर असा कोसळतो की २०२४ मध्ये सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. अशा वेळी गाईच्या सुखाच्या गोष्टी ऐकवणारा माणूस शहरातून आलेला वाटला तर त्यात नवल नाही. म्हणूनच हा भार शेतकऱ्यावर टाकू नये असं मी म्हणतो. अंगणाचं कुंपण हा गोठ्याच्या बांधकामातला सर्वांत स्वस्त भाग आहे, तो अनुदानात बसतो. शिवाय मुक्त गोठ्यात रोजची बांधाबांध, रोजचं शेण काढून कोबा धुणं बरंच कमी होतं. अंगणातलं शेण उन्हात वाळतं, पायाखाली भुगा होतं आणि काही आठवड्यांनी एकदम उचलता येतं. हे काम बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला असतं, पहाटे पाचपासून. त्यांचे तास वाचणं हा माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत कमी बोलला गेलेला फायदा आहे. दूध संघांनीही फॅट आणि एसएनएफच्या जोडीला गाय कशी ठेवली हे दरात धरायला हरकत नाही. नेदरलँड्सच्या डेअऱ्या ते करतात. आपल्या सहकारी संघांना एवढं नियोजन अशक्य आहे असं मी मानत नाही.

राहिला कायदा. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं वा दोरानं बांधून ठेवणं गुन्हा आहे. त्याच कलमात कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणंही मालकाचा गुन्हा ठरवलं आहे. दुभत्या गाईला दिवसातून काही वेळ मोकळं सोडण्याचं बंधन मात्र त्यात नाही, आणि आखूड म्हणजे किती, अवाजवी म्हणजे किती तास, हे कुठेच ठरलेलं नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर गाईमागे रोज ५० रुपये देण्याचं ठरवलं. त्या आदराला माझा आक्षेप नाही. पण ज्या संकरित गाईच्या दुधावर लाखो घरांची चूल चालते, ती या घोषणेत बसत नाही, आणि ज्या देशी गाईचा गौरव केला तिच्या दाव्याची लांबीही त्या निर्णयानं बदललेली नाही. गाईला वागवण्याचा नियम जातीवर अवलंबून असू नये. खिलार असो की होल्स्टीन, गुडघे सारखेच सुजतात.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे, आणि ती याच वर्षी पुरी करता येण्यासारखी आहे. गोठ्याच्या अनुदानाच्या आराखड्यात दर जनावरामागे ७ चौरस मीटर मोकळं, कुंपण घातलेलं अंगण आणि कायम भरलेलं पाणी ही अट घालावी, कोकणासाठी वेगळा आराखडा करावा, आणि अंगणाचा खर्च अनुदानात धरावा. ज्याच्याकडे घराजवळ अर्धा गुंठाही नाही, अशा घरासाठी गावठाणात किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर सामाईक अंगण करावं. ग्रामसभेत गोठ्याच्या लाभार्थ्यांची यादी वाचली जाते, तेव्हा आपण तिथे असता. पुढच्या ग्रामसभेत ती यादी मंजूर होण्याआधी उठून एवढंच विचारा, की या गोठ्यांत गाय सोडायला जागा कुठे आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.